चोवीसशेपैकी एकवीसशे एकोणसाठ

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकांच्या घरात 'थोडंसं' हा शब्द चालत नसे. चहात साखर किती, असं विचारल्यावर एखादा पाहुणा 'थोडीशी' म्हणाला, की निरीक्षक त्याच्याकडे असे बघत, जणू पत्ता विचारल्यावर त्याने 'तिकडेच कुठेतरी' असं उत्तर दिलं आहे. माणूस वाईट नव्हता. एकोणतीस वर्षं दुकानादुकानांतले काटे तपासून आणि पाच ग्रॅमच्या वजनाचे पाचच ग्रॅम भरतात ना, हे बघून बघून जीभसुद्धा मोजूनमापून बोलायला लागते, एवढंच.

त्यांना एकच मुलगी. शाळेच्या हजेरीत तिचं नाव काहीही असो, गल्ली तिला इंची म्हणायची. त्याचं कारण स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर होतं. दर वाढदिवसाला निरीक्षक मुलीला तिथे पाठ टेकून उभं करत, डोक्यावर काटकोन्या ठेवत, पेन्सिलीने रेघ मारत आणि शेजारी आकडा लिहीत, तोही दशांशासकट. मोजमाप सेंटिमीटरमध्ये व्हायचं, पण 'सेंटी' हे नाव काही मुलीला शोभलं नसतं.

या इंचीला सरकारी विद्यापीठात माती शिकायला प्रवेश मिळाला. माती म्हणजे आपण पायाखाली तुडवतो तीच. गॅलरीत तिने बारा बरण्यांत बारा ठिकाणची माती भरून ठेवली होती आणि प्रत्येकीवर चिठ्ठी होती. शेजारच्या काकूंना याचं फार नवल वाटे. "माती शिकायला चार वर्षं?" त्या म्हणाल्या. "आमच्या कुंडीत आहे की. घेऊन जा हवी तेवढी."

प्रवेशाच्या पत्राबरोबर खर्चाचा एक तक्ता आला. त्यात शिकवणीची फी होती, प्रयोगशाळेची होती, ग्रंथालयाची, परीक्षेची आणि आरोग्याची होती. पुढे हॉस्टेल, जेवण, पुस्तकं, प्रवास आणि 'किरकोळ' अशा ओळी होत्या. सगळ्यात खाली जाड अक्षरांत एका वर्षाची बेरीज होती. ती वाचून इंचीची आई खुर्चीवर बसली. आई इस्पितळात औषधांच्या खिडकीवर काम करत आणि सहसा उभ्याच असत.

"एवढे?" त्या म्हणाल्या.

निरीक्षकांनी चष्मा लावला. "हे बारदानासकट वजन आहे," ते म्हणाले.

आता बारदान म्हणजे काय, ते ज्यांनी कधी पोतं विकत घेतलं नसेल त्यांना सांगायला हवं. साखरेचं पोतं काट्यावर ठेवलं की काटा साखरेचं आणि पोत्याचं मिळून वजन दाखवतो. शहाणा माणूस त्यातून पोत्याचं वजन वजा करतो आणि मग साखरेचा भाव लावतो. कॉलेजच्या खर्चाचं तसंच असतं. मुलगी घरी राहिली असती तरी जेवलीच असती. त्यामुळे जेवणाच्या ओळीतला सगळा आकडा काही विद्यापीठापायी वाढलेला नव्हता. निरीक्षकांनी पेन्सिल घेऊन एकेका ओळीतून घरी होणारच असलेला खर्च वजा केला. बेरीज निम्म्यावर आली. आई उभ्या राहिल्या.

"'किरकोळ'चा आकडा पुस्तकांपेक्षा मोठा आहे," त्या म्हणाल्या.

"त्यावर मी खूण करून ठेवली आहे," निरीक्षक म्हणाले. खात्यात त्यांच्या खुणेला लोक घाबरत.

उरलेल्या आकड्यात सगळ्यात जड ओळ शिकवणीच्या फीची होती, आणि तिच्यावर उतारा होता. गुणवत्तेची स्कॉलरशिप. शेवटच्या दोन वर्षांची सरासरी नव्वद किंवा त्याहून जास्त असेल तर शिकवणीची फी पूर्ण माफ. पंच्याऐंशी ते नव्वदच्या आत असेल तर अर्धी. बाकीच्या ओळी ज्याच्या त्याने भरायच्या, कारण फुकट शिक्षणातही प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या कुणीतरी विकत आणतच असतं. निरीक्षकांनी चार वर्षांचा हिशेब मांडला. दीड वर्षात ते निवृत्त होणार होते. फी पूर्ण माफ झाली तर हॉस्टेल आणि बाकीचं कसंबसं शेवटपर्यंत बसत होतं. अर्धी झाली तर तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर हिशेब संपत होता आणि शिक्षण उरत होतं. तसं झालं तर इंची घराजवळच्या संस्थेत टंकलेखन आणि कार्यालयीन कामाचा दोन वर्षांचा कोर्स करणार, असं तिघांनी बसून ठरवलं. इंचीने मान डोलावली आणि गॅलरीत जाऊन बरण्या पुसल्या.

काकूंनी हे ऐकलं तेव्हा त्यांना हसू आलं. "अर्धी माफीच मिळवायची तर आमच्या मुलाच्या खाजगी कॉलेजात मिळते. त्याला दारातच अर्धी सूट दिली, मागितलीही नव्हती."

निरीक्षकांनी त्यांना बसवून समजावलं. समजा, सरकारी विद्यापीठाची फी शंभर आहे आणि खाजगीची तीनशे. तीनशेची अर्धी सूट म्हणजे भरायचे दीडशे. शंभराला सूट न मिळता भरायचे शंभर. "सूट किती ते बघू नका काकू, उरलं किती ते बघा. आधी भाव दुप्पट लावून मग निम्म्यात देणारे दुकानदार मी रोज बघतो." काकूंनी त्यांच्याशी बोलणंच सोडलं. हिशेब समजावून सांगताना समोरच्याने पैसे आधीच भरले आहेत का, हे विचारून घ्यावं.

इंचीची सरासरी गुणपत्रिकेवर नव्वद पूर्णांक शून्य अशी छापलेली होती. तेव्हा काळजी नव्हती. तिने फॉर्म स्वच्छ अक्षरांत भरला, पालकांच्या सहीसाठी टेबलावर ठेवला आणि नदीकाठची माती आणायला गेली.

सहीच्या वर छापलेलं होतं, 'वरील माहिती मी तपासली असून ती खरी आहे.' आता 'तपासली' हा शब्द आपल्यासारख्यांना नुसता शब्द वाटतो. निरीक्षकांच्या दृष्टीने ते काम होतं. त्यांनी गुणपत्रिका घेतली आणि दोन वर्षांच्या चोवीस पेपरांची बेरीज केली, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. चोवीसशेपैकी एकवीसशे एकोणसाठ. नव्वद टक्क्यांना एकवीसशे साठ लागतात. एक गुण कमी होता. सरासरी येत होती एकोणनव्वद पूर्णांक शहाण्णव, आणि शाळेने ती नव्वद करून छापली होती.

निरीक्षक बराच वेळ टेबलाशी बसले. एका ग्रॅमसाठी त्यांनी लोकांचे काटे जप्त केले होते. मग त्यांनी पेन उघडलं, इंचीच्या नव्वदवर एक सरळ रेघ मारली, वर ८९.९६ लिहिलं, बाजूला छोटी सही केली आणि तारीख घातली. फॉर्म स्वतः नेऊन विद्यापीठाच्या शहरातल्या कार्यालयात दिला. घरी कुणाला काही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर त्यांना त्या दिवशी स्वतःबद्दल जरा बरंच वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. 'अर्धी शुल्कमाफी मंजूर. हरकत असल्यास दहा दिवसांत कळवावे.' सोबत फॉर्मच्या पहिल्या पानाची प्रत होती.

इंचीने ती टेबलावर ठेवली. आकडा कधी गिरवू नये, एक रेघ मारून वर लिहावं आणि सही करावी, हे बाबांनीच तिला चौथीत शिकवलं होतं. त्यामुळे हे कुणाचं काम, असं विचारायची गरज नव्हती.

"बेरीज तपासली मी," निरीक्षक म्हणाले. "एक गुण कमी आहे."

"मला माहीत आहे."

"माहीत असून नव्वद लिहिलंस?"

"माहितीपुस्तक, पान अकरा, नियम सात. सरासरी एका दशांश स्थळापर्यंत धरावी. एकोणनव्वद पूर्णांक शहाण्णव एका दशांशापर्यंत धरली की नव्वद पूर्णांक शून्य होते. मी तीनदा वाचला नियम, बाबा, कारण मलाही एक गुण टोचत होता." तिने प्रतीवरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. "तुम्ही मला विचारलं का नाही? तुम्हाला वाटलं, मी काटा मारला."

इंची आत गेली. तिने दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते हळूच लावून घेतलं.

"आमच्याकडे डोस मोजायच्या आधी पेशंटला विचारतात, काय होतंय म्हणून," आई म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या. त्या दिवशी भांडी जरा जोरात घासली गेली.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक विद्यापीठाच्या कार्यालयात गेले. खिडकी क्रमांक चारवर एक बाई होत्या, पुढ्यात शिक्क्यांचा स्टँड आणि पाण्याची बाटली. त्यांनी फाइल काढली.

"गुणपत्रिकेत नव्वद, फॉर्ममध्ये एकोणनव्वद शहाण्णव. दोन आकडे वेगळे असले की आम्ही कमी असेल तो धरतो."

"पण नियम सात आहे."

"आहे ना. नियम अगदी बरोबर आहे. पण तुम्ही खोडून, सही करून लिहून दिलंय. आम्ही पालकांवर अविश्वास कसा दाखवणार?" बाई सौजन्याने बोलत होत्या. "एक साधा कागद द्या. 'खाडाखोड माझ्याकडून चुकून झाली, मूळ आकडा धरावा.' खाली सही. संपलं."

"पण चुकून नाही झाली. शहाण्णवचा आकडा बरोबर आहे."

"मग अर्धी फी पण बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

खरं तर इथेच हे प्रकरण मिटलं असतं. पण 'माझं मोजमाप चुकलं' असं निरीक्षकांनी एकोणतीस वर्षांत एकदाही लिहून दिलेलं नव्हतं, आणि निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं असताना सुरुवात करायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी दुसरा मार्ग काढला. शाळेकडूनच पत्र आणायचं, की गुणपत्रिका बरोबर आहे. मग आपल्याला काही कबूल करायला नको.

वजनमापे निरीक्षक फाटकातून आत येताना दिसले, तेव्हा शाळेत एकदम धावपळ उडाली. प्रयोगशाळेतल्या काट्यावर सहा वर्षांत शिक्का मारून घेतलेला नव्हता. निरीक्षक कार्यालयात पोचेपर्यंत तो काटा चादरीत गुंडाळून मागच्या दाराने बाहेर गेला होता. हेडक्लार्क घाम पुसत उभे राहिले.

"गुणपत्रिका बरोबर असल्याचं पत्र हवं होतं," निरीक्षक म्हणाले.

"बरोबरच आहे, साहेब."

"एका दशांशापर्यंत."

"आणि दोन दशांशांपर्यंत?"

"तशी बघितली तर नाही."

"म्हणजे आमची चूक झाली?"

"नाही, तुमचं बरोबर आहे."

"मग साहेब, पत्रात लिहू काय?"

'बघा, काय जमतं ते,' असं म्हणून निरीक्षक निघाले. काट्याबद्दल साहेब एक अक्षर बोलले नाहीत, याचा हेडक्लार्कांनी आपल्या परीने अर्थ लावला. साहेबांना दोन दशांश हवे आहेत. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "साहेब, काम झालं. नवीन गुणपत्रिका काढली, दोन दशांशांची. एकोणनव्वद पूर्णांक शहाण्णव. मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का. तुम्हाला खेप नको म्हणून विद्यापीठात परस्पर पोचवली."

निरीक्षक रिसीव्हर हातात धरून उभे राहिले. मग धन्यवाद म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

खिडकी क्रमांक चारवरच्या बाई या वेळी त्यांना बघून हसल्या. "आता तुमच्या म्हणण्याला दोन पुरावे झाले. फॉर्म पण आणि शाळा पण. असे पक्के पालक आम्हाला क्वचितच भेटतात."

दहातले पाच दिवस गेले होते. बातमी गल्लीभर झाली होती आणि सल्ले यायला लागले होते. तळमजल्यावरच्या निवृत्त वकिलांचं म्हणणं पडलं, विद्यापीठाला नोटीस द्या. सात वर्षांत निकाल लागेल, खात्रीने आपल्या बाजूने. काकूंनी पुन्हा बोलायला सुरुवात केली, ती खास यासाठी. "अर्धी माफी वाईट नसते हो," त्या म्हणाल्या. "उरलं किती ते बघायचं." इंची घरात होती, बोलत होती, विचारलेल्याला उत्तर देत होती. फक्त संध्याकाळी मातीच्या बरण्या दाखवायला बाबांना हाक मारत नव्हती. एका सकाळी निरीक्षकांना गॅलरीत एक रिकामी बरणी दिसली, धुऊन पालथी घातलेली. दुसऱ्या दिवशी तीन.

त्या आठवड्यात त्यांची पाळी आपल्याच रस्त्यावरचे काटे तपासायची होती. चौथं दुकान किराणावाल्याचं. हा माणूस निरीक्षकांना बावीस वर्षं ओळखत होता आणि त्यातली पहिली दोन वर्षं त्याने दंड भरण्यात घालवली होती. निरीक्षकांनी पेटी उघडली, पितळी वजनं काढली आणि पाच किलो काट्यावर ठेवले. काट्याने दोन ग्रॅम कमी दाखवलं. निरीक्षकांनी वहीत नोंद केली आणि शिक्का उचलला.

"दोन ग्रॅम कमी आहे, साहेब," किराणावाला म्हणाला. "मी बघितलं."

"मीही बघितलं. पाच किलोला एवढा फरक नियमात चालतो."

"चालतो कसा? कमी म्हणजे कमी."

निरीक्षकांना शिकवायला आवडत असे, आणि गेल्या काही दिवसांत त्यांचं शिकवणं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. ते स्टुलावर बसले. "असं बघ. जगात तंतोतंत काटा नसतो. माझी पितळी वजनंसुद्धा दरवर्षी वरच्या कार्यालयात तपासली जातात. सोनाराच्या काट्याला केसाएवढा फरक चालत नाही, तुझ्या काट्याला दोन ग्रॅम चालतो, लाकडाच्या वखारीत अर्धा किलो चालतो. कुठल्या कामाला किती बारीक मोजायचं, ते नियम ठरवतो. मी नाही ठरवायचं. मी जर तुझी डाळ सोनाराच्या काट्याने मोजायला लागलो, तर—"

ते थांबले. किराणावाला फडक्याने काउंटर पुसत होता. पुसून झालेली जागा त्याने पुन्हा पुसली.

"तर दुकान बंद पडेल," तो म्हणाला. "परवा इंची आली होती. कोर्सच्या वह्या घेऊन गेली, टंकलेखनाच्या. मी म्हटलं, माती सोडलीस का? तर म्हणाली, वजन कमी पडलं."

निरीक्षकांनी शिक्का मारला. तो जरा वाकडा बसला, पण त्यांनी पुन्हा मारला नाही.

घरी येऊन ते टेबलाशी बसले आणि त्यांनी अर्ज लिहिला. चार कागद वाया गेले. पाचवा घेऊन ते इंचीच्या खोलीच्या दाराशी गेले. दार उघडंच होतं, तरी त्यांनी त्यावर टकटक केलं.

"हे वाचून बघ," ते म्हणाले. "मला बरोबर वाटतंय. पण मी विचारतोय."

इंचीने कागद घेतला. त्यावर लिहिलं होतं: 'अर्जदाराचे एकूण गुण चोवीसशेपैकी एकवीसशे एकोणसाठ आहेत. ही बेरीज बरोबर आहे. आपल्या नियम सातप्रमाणे ही सरासरी नव्वद पूर्णांक शून्य धरली जाते, हेही बरोबर आहे. अर्जदाराने तेच लिहिले होते. नियम न वाचता मी ते खोडले. तरी मूळ आकडा धरावा. तिला न विचारता खोडले, ही माझी चूक आहे.'

तिने दोनदा वाचलं. मग पेन्सिलीचं टोक शेवटच्या वाक्यावर ठेवलं.

"हे विद्यापीठाला कशाला सांगायचं?"

"ते विद्यापीठाला नाही."

इंचीने ते वाक्य तिसऱ्यांदा वाचलं.

"नको असेल तर खोड," निरीक्षक म्हणाले. "एक रेघ, वर सही."

तिने खोडलं नाही. कागदाची घडी घालून त्यांच्या हातात दिली. मग म्हणाली, "पहिल्याच ओळीत पान अकरा लिहा. त्यांना शोधायला लागू नये." निरीक्षकांनी सहावा कागद घेतला.

नवव्या दिवशी खिडकी क्रमांक चारवरच्या बाईंनी अर्ज वाचला. शेवटच्या ओळीशी त्या थोड्या थांबल्या, वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. "एवढं लिहायची गरज नव्हती," त्या म्हणाल्या. "'चुकून' एवढं पुरलं असतं."

"चुकून नव्हतं झालं," निरीक्षक म्हणाले.

बाईंनी शिक्का मारला. तो मात्र सरळ बसला.

पंधरा दिवसांनी पूर्ण माफीचं पत्र आलं. त्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत एक अट होती. दरवर्षी सरासरी पंचाहत्तरच्या वर राहिली, तरच पुढच्या वर्षी माफी. ही अट या वेळी दोघांनी मिळून वाचली, आणि पंचाहत्तर किती दशांशांपर्यंत धरायचे, हे इंचीने विद्यापीठाला पत्र लिहून विचारून घेतलं. टंकलेखनाच्या वह्या काकूंच्या मुलाला दिल्या. खाजगी कॉलेजात वह्यांचे पैसे वेगळे घेतात, असं आता काकू सांगू लागल्या होत्या.

निघायच्या सकाळी सामानाची पेटी दारात होती आणि आई डब्याचं झाकण चौथ्यांदा बसवत होत्या. इंची आपणहून स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ टेकून उभी राहिली. निरीक्षकांनी काटकोन्या ठेवला आणि रेघ मारली. दोन वर्षं रेघ त्याच जागी पडत होती, एकशे बासष्ट पूर्णांक सातवर. त्यांनी शेजारी आकडा लिहिला.

इंचीने वळून बघितलं. "एकशे त्रेसष्ट?"

"पूर्ण सेंटिमीटरपर्यंत धरलं," निरीक्षक म्हणाले. "घरच्या कामाला पुरतं. शिकतोय मीही."

इंचीने त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. त्रेसष्टवर एक सरळ रेघ मारली, वर १६२.७ लिहिलं, बाजूला छोटी सही केली आणि तारीख घातली.

"इथे नियम सात लागत नाही, बाबा," ती म्हणाली. "इथे तुम्ही खरं तेवढंच लिहा."

ती पेटी उचलायला गेली. निरीक्षकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि जवळ जाऊन ती खाडाखोड तपासली. एक रेघ, वर आकडा, सही, तारीख. सगळं बरोबर होतं.